पावसाचं काही खरं दिसत नाही, १४० बकऱ्यांची खांड कशी जगवायची? (तेलसंग भाग, अथणी तालुका)

तेलसंग_माळ

सगळ्यांना नमस्कार. अथणी तालुक्यात तेलसंगच्या पुढं, जतच्या हद्दीला लागून आमचं गाव. घरची बकरी, म्हणजे मेंढरंच, १४०. त्यातल्या साठेक मडग्याळ मेंढ्या, बाकी काळ्या दख्खनी. शेती चार एकर, पण काळी जमीन दोनच एकर, तिथं शाळू (रब्बी ज्वारी) होतो. उरलेला सगळा माळ.

यंदा मृग कोरडा गेला. तरण्या-म्हाताऱ्या नक्षत्रांच्या पावसानं नुसती धूळ बसवली. आता मघा लागलाय. एरवी या दिवसांत माळावर कुसळी पोटरीला लागते, यंदा वीतभरसुद्धा नाही. पंचायतीच्या गायरानातला चांगला तुकडा कुंपणात गेलाय आणि राहिलेल्यात वेडी बाभूळ माजलीय. विहिरीला बकऱ्यांपुरतं पाणी आहे, म्हणून आज तहानेची काळजी नाही. काळजी चाऱ्याची आहे.

घरात तीन मतं आहेत. वडील म्हणतात, दरसालप्रमाणं दिवाळी झाली की कृष्णाकाठाला उतरू, ऊसपट्ट्यात बकरी जगतात. धाकटा भाऊ म्हणतो, काळी सगळी काढून टाकू आणि मडग्याळच ठेवू, बाजारात तिलाच भाव आहे. बायको म्हणते, निम्मी आताच विका आणि त्या पैशात कडबा घेऊन ठेवा. मला तिघांचंही पटतं आणि म्हणूनच काही ठरत नाही.

विकायची तर कधी आणि कुठली? कडब्याला युरिया मारून घालतात म्हणे, ते मेंढरांना चालतं का? आणि वेडी बाभळीच्या शेंगा घालाव्यात का? ज्यांनी २०१८-१९ चा दुष्काळ काढलाय त्यांनी कृपा करून सांगा.

चिंचली_अक्का

बाळा, तुझ्या घरातली तिन्ही माणसं बरोबर बोलतात, फक्त वेळेचं कुणी बोललेलं नाही. दुष्काळ उन्हाळ्यात दिसतो, पण त्याचा निकाल दसऱ्याला लागलेला असतो.

आपल्या पूर्व भागाचं वर्ष मृगावर नसतं, उत्तरा-हस्तावर असतं. हस्त पडला तर शाळू पेरला जातो, शाळू आला तर कडबा. हस्त गेला की पुढच्या ज्येष्ठापर्यंत माळावर नवीन काडी उगवत नाही. म्हणून माझं सांगणं आहे, उत्तरा संपेपर्यंत थांब, घट बसले की खांडेची निवड कर आणि दसऱ्याच्या आत विकायची ती वीक. स्वातीची वाट बघू नकोस. स्वातीपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं, सगळेच खांडी घेऊन बाजारात येतात आणि व्यापारी पाठीवर हात न फिरवता भाव सांगतो.

२०१८ ला परतीचा पाऊस आलाच नाही. त्या वर्षी दसऱ्याला ज्यांनी तिसरा हिस्सा विकला त्यांना मांसाचा भाव मिळाला. शिवरात्रीपर्यंत थांबलेल्यांनी कातडं विकलं. २०१९ च्या मे महिन्यात कुडचीच्या बाजूला कृष्णेचं पात्र कोरडं पडलं होतं, माणसं वाळूत खड्डे काढून पाणी भरत होती. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नदीला महापूर आला. हे लोक विसरतात. उन्हाळाभर नुसत्या हाडांवर जगवलेली बकरी पुराच्या गारठ्यात आणि चिखलात उभी राहू शकली नाहीत. उन्हाळा काढलेला असूनही गेली. दुष्काळ पहिला पाऊस पडला की संपतो असं धरू नकोस. अंगात ताकद राहिलेली मेंढीच पहिल्या पावसातून निघते.

आता कुठली विकायची ते. सकाळी वाघरातून (जाळीच्या कुंपणातून) सोडताना दारात उभी राहा म्हणावं तुझ्या बायकोला, आणि एकेक मेंढी धरून तीन जागा बघा. पहिलं तोंड. खालचे पुढचे दात पडलेले किंवा लांबून सैल झालेले असतील तर ती मेंढी वाळला चारा तोडू शकत नाही. हिरव्यावर ती चांगली दिसते, फाल्गुनात पडते. दुसरी कास. दोन्ही बाजू दाबून बघ, एक बाजू दगडासारखी लागली तर तिचं कोकरू अर्धपोटी राहणार. तिसरी कंबर. शेवटच्या बरगडीच्या मागं मणक्यावर तळहात ठेवायचा. मणक्याची टोकं गोल लागली तर ठीक. टोकं बोटाला टोचली आणि बाजूच्या हाडाखाली बोटं आत गेली तर ती आत्ताच खंगलीय, तिला पुढं नेण्यात अर्थ नाही. लोकरीमुळं डोळ्याला यातलं काही दिसत नाही, काळ्या मेंढीचं तर मुळीच नाही. हात लावल्याशिवाय निवड करायची नाही.

या तिन्हीत नापास त्या जातील. त्यानंतर नर. एक-दोन पालवे (पैदाशीचे नर) सोडून सगळे नर विकून टाक, वाढतील म्हणून ठेवू नकोस. ठेवायच्या त्या दोन-चार दाती तरण्या मेंढ्या, आणि यंदाच्या पाठींतल्या (मादी कोकरांतल्या) चांगल्या आयांच्या पाठी. १४० मधली ८०-८५ राहिली तरी खांड शाबूत आहे. मूळ राहिलं की दोन पावसाळ्यांत फांद्या येतात.

धाकट्याला माझा निरोप सांग. मडग्याळ चांगली जात आहे, उंच, भराभर वजन धरते, नराला बाजारात मान आहे. पण ते अंग चाऱ्यावर उभं आहे. दख्खनी अंगानं लहान, कमी खाऊन, लांब चालून, दगडातलं वेचून जगते आणि दुष्काळात कोकराला दूधही देते. सगळी काळी काढून टाकणं म्हणजे चांगल्या वर्षाच्या हिशेबानं वाईट वर्षाला सामोरं जाणं आहे. निवड करताना दोन्ही जातींना एकच कसोटी लाव. माझा अंदाज, मडग्याळच जास्त निघतील.

आणखी एक गोष्ट, जी पुरुष मंडळी टाळतात. पालवा बाजूला कर. मेंढी पाच महिने गाभण असते. भाद्रपदापासून पौषापर्यंत लागलेली मेंढी माघ ते ज्येष्ठात विते, म्हणजे ऐन टंचाईत. दूध नसतं, कोकरू मरतं आणि मेंढीही बसते. आमच्या वाड्यात (मेंढपाळांच्या तळावर) पालव्याच्या पोटाखाली गोणपाटाचा पट्टा बांधतात, पुढून लोंबता, म्हणजे त्याला जमत नाही. खांडेतच हिंडतो, वेगळा राखावा लागत नाही. पट्टा दर दोन-चार दिवसांनी सोडून खालची कातडी बघायची, ओल राहिली तर किडे पडतात. आखाडात लागलेल्या मेंढ्या मार्गशीर्षात वितील, त्या कोकरांना ऊसपट्ट्यात खायला मिळेल. तेवढी पुरेत.

विकून आलेल्या पैशाचं. सगळा कडबा घेऊ नका. मेंढरू कडब्याची पानं खातं आणि ताट टाकतं. त्यापेक्षा तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट, भुईमुगाचा वेल यांवर पैसे घाला. कडबा घेतला तर कुट्टी करूनच घालायचा. आणि चैत्रात गावठी बाभळीच्या शेंगा पडतात त्या आत्तापासून मनात धरून ठेवा. ओढ्याकाठची झाडं कुणाची आहेत ते बघून शब्द टाकून ठेवायचा. आम्ही जावा-जावा पहाटे जाऊन पोती भरायचो, घरात माळ्यावर सुकी ठेवायचो. दुपारी एकेक ओंजळ मिळाली तरी विणाऱ्या मेंढीचं दूध टिकतं.

अप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाची भाकणूक (पाऊसपाण्याचं भविष्य) ऐकायला आपले लोक जातात, मीही जाते. पण जाताना खांड ठरवून जाते.

हुक्केरी_खांड

अक्का, तुमचा अनुभव मोठा आहे, पण एक शंका. दुष्काळात विकलेली मेंढी पाऊस झाल्यावर परत घेताना दीड-दुप्पट पडते. आमच्या थोरल्यांनी याच कारणानं कधी विकली नाहीत. गरिबाची खांड एकदा मोडली की परत उभी राहत नाही, तो ऊसतोडीला जातो नाहीतर कोल्हापूर-पुण्यात रोजगाराला.

चिंचली_अक्का

तुझी शंका खरी आहे, आणि खांडी मोडलेली घरं माझ्या डोळ्यासमोर आहेत. म्हणून तर दात पडलेल्या आणि नर विकायचं म्हणते, तरण्या मेंढ्या आणि पाठी नव्हे. परत विकत घ्यायची वेळच यायला नको, वाढ घरच्या पोटातून व्हायची. मोडली ती घरं बघ, त्यांनी सगळी राखली, मग उधारीवर पेंड घेतली, आणि चैत्रात सावकारासाठी तरण्या मेंढ्या आधी विकल्या, कारण विकण्याजोग्या त्याच उरल्या होत्या.

निपाणी_पशुवैद्य

अक्कांनी निवडीचं सांगितलं त्यात मला घालण्यासारखं काही नाही. तेलसंगकरांनी विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी देतो आणि दुष्काळात मेंढ्या उपासमारीआधी ज्यानं मरतात ते सांगतो.

युरिया: चालतो, पण फक्त मुरवून. १०० किलो वाळल्या कुट्टीला ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. कुट्टी थराथरानं पसरायची, प्रत्येक थरावर पाणी सारखं शिंपडायचं, तुडवून हवा काढायची आणि प्लास्टिकनं घट्ट झाकायचं. २१ दिवसांनी उघडायचं. घालण्याआधी लागेल तेवढी काढून उघड्यावर पसरून ठेवायची, नाकाला झोंबणारा वास उडाला पाहिजे. थोड्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवायची. सहा महिन्यांखालच्या कोकरांना अजिबात नको. आणि युरियाचं पाणी किंवा दाणे मेंढरांच्या तोंडाला लागता कामा नयेत, अर्ध्या तासात पोट फुगून, थरथरून जनावर पडतं.

वेडी बाभूळ: पिकलेल्या पिवळ्या शेंगा चालतात, पण भरडून आणि दुसऱ्या चाऱ्यात मिसळून, खुराकाचा थोडा हिस्सा म्हणूनच. नुसत्या शेंगांवर आठवडेच्या आठवडे ठेवलं तर जनावरं खंगतात. अख्ख्या घातल्या तर बी न पचता लेंडीतून पडतं आणि उरलेलं गायरानही तेच झाड गिळतं. भरडल्यानं बी मरतं, दोन्ही कामं होतात.

आता धोके. पहिला कोवळ्या ज्वारीचा. पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी आणि कापणीनंतर खोडव्याला आलेला हिरवा फुटवा यांत विष तयार होतं. उपाशी खांड त्यात शिरली तर काही मिनिटांत मेंढ्या धापा टाकत पडतात. त्यावर इंजेक्शन आहे, पण डॉक्टर पोचेपर्यंत वेळ नसतो. त्यामुळं अशा रानात शिरायचंच नाही.

दुसरा तुमच्या तेलसंग भागात खास, द्राक्षबागांचा. छाटणीचा पाला बागायतदार खुशीनं देतात आणि चाऱ्याच्या टंचाईत तो नाकारवत नाही. पण बोर्डो फवारलेल्या पाल्यावर मोरचूद असतं, म्हणजे तांबं. गाय जेवढं तांबं पचवते तेवढं मेंढी पचवू शकत नाही. ते यकृतात साठत जातं, आठवडे काही दिसत नाही आणि मग एक दिवस लघवी काळपट लाल, डोळे पिवळे, दोन दिवसांत मेंढी संपते. फवारणी काय झाली ते विचारल्याशिवाय पाला घेऊ नका. याच कारणानं गाईम्हशींचं खनिज मिश्रण मेंढरांना घालू नका, मेंढीचं वेगळं मिळतं.

तिसरा ऊसपट्ट्यात उतरल्यावरचा. उसाच्या वाड्यात (शेंड्याच्या हिरव्या पाल्यात) ऑक्सॅलेट असतं, ते अंगातला कॅल्शियम बांधून टाकतं. पोट भरलेलं दिसतं आणि विणारी मेंढी मात्र उठेनाशी होते. रात्री कळीचा चुना पाण्यात विरवून ठेवायचा, सकाळी वरची निवळी वाड्याच्या कुट्टीवर शिंपडायची. सोबत थोडं भुसकट हवंच. मक्याच्या कापलेल्या रानात कणसं पडलेली असतात, तिथं उपाशी खांड सोडली तर दाण्यानं पोटात आम्ल होऊन एका रात्रीत पाच-दहा दगावतात. आधी वाळलं घालून मग थोडा वेळ सोडा.

वाट धरण्याआधी आंत्रविषाराची लस झालीच पाहिजे, चारा एकदम बदलला की हा रोग उठतो. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस झाली नसेल तर तीही घ्या. दवाखान्यात लस मोफत असते. फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा नंबर कर्नाटकात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडं लागतो. आणि निघण्याआधी आपल्या दवाखान्यात कर्नाटक सरकारच्या अनुग्रह योजनेचं समजून घ्या. अचानक मेलेल्या मेंढीची भरपाई त्यातून मिळते, पण शवविच्छेदन झाल्याशिवाय नाही. मेलेलं जनावर घाईनं पुरू नका. हद्दीपलीकडं असताना कागद कुणी करायचे ते इथूनच विचारून निघा.

उगार_ऊसवाला

मी धनगर नाही, शेतकरी आहे, पण माझ्या रानात दर वर्षी खतासाठी रात्री बकरी बसतात म्हणून लिहितो. आमच्या कृष्णाकाठच्या जमिनी पाणी पिऊन पिऊन क्षारपड होत चालल्यात. बकरी बसलेल्या रानातला पुढचा ऊस वेगळा दिसतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. लेंडी आणि मूत दोन्ही जागेवर पडतं, खुरानं तुडवलं जातं.

पण अडचण अशी की वाडे येतात न सांगता, आणि दुष्काळाच्या वर्षी एकदम दहा वाडे येतात. रान मोकळं नसतं. ऊस कुठल्या आठवड्यात तुटेल ते कारखान्याच्या टोळीवर असतं. शिवाय आता बहुतेकांकडं ठिबक आहे. खुरानं नळ्या फुटतात, त्यावरून भांडणं होतात आणि मग पुढच्या वर्षी दारातूनच नाही म्हणतात. मला चार दिवस आधी फोन आला तर मी नळ्या गुंडाळून बांधावर ठेवतो, पाचट पेटवत नाही आणि वाडं शेजाऱ्यांना वाटून टाकत नाही.

तेव्हा वडिलांना सांगा, दिवाळीनंतर उतरायचं असेल तर दसऱ्यालाच एकदा बकऱ्यांशिवाय येऊन जा. पाच-सहा शेतकऱ्यांकडं बसा, कुणाचा ऊस कधी तुटणार ते लिहून घ्या, किती रात्री बसवायची आणि धान्य की रोख हे तेव्हाच ठरवा. बागायतदार ओळखीच्या वाड्याला नाही म्हणत नाही. माझ्याकडं बसणाऱ्या वाड्याची आणि आमची दोन पिढ्यांची ओळख आहे, त्यांच्यासाठी मी शेजाऱ्याच्या विहिरीवर शब्द टाकतो. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या बोअरचं पाणी आम्ही वाटून घेतलं, त्यात त्यांच्या बकऱ्यांचाही वाटा होता.

तेलसंग_माळ

अक्का, डॉक्टर, उगारचे अण्णा, मनापासून आभार. घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. वडिलांनी लगेच शेडबाळ-उगारकडच्या जुन्या ओळखीच्या घरांची नावं काढली, त्यातल्या दोघांची मुलं आता शेती बघतात आणि आम्हाला ओळखत नाहीत. म्हणजे जाऊन भेटणं आलंच.

आज सकाळी बायको आणि मी दारात उभं राहून चाळीसेक मेंढ्यांचे दात, कास, कंबर बघितली. त्यातल्या अकरा बाजूला निघाल्या, आणि त्या अकरांत सात मडग्याळ. भाऊ गप्प होता, पण हात लावून त्यानंही बघितलं. द्राक्षाचा पाला आम्ही गेल्या आठवड्यातच शेजारून आणला होता, तो बंद केलाय. बोर्डो मारला होता का ते विचारून येतो.

एकच अडतंय. गायरानाचं. कुंपणातला तुकडा आता सुटायचा नाही. पण उरलेल्या जागेतली वेडी बाभूळ काढून तिथं गवत लावता येईल का? आणि लावायचं तर कुठलं?

चिंचली_अक्का

येईल, पण सगळी एकदम काढू नका. उघड्या माळाची माती पहिल्या वळवात वाहून जाते. एक पट्टा मुळासकट उपटायचा, नुसती तोडली तर चौपट फुटते. तिथं उताराला आडवे चर काढायचे आणि चराच्या भरावावर मारवेल, पवन्या आणि अंजन गवताचं बी पावसाच्या तोंडावर टाकायचं. जोडीला स्टायलो टाकलं तर मेंढरांना द्विदलही मिळतं. बांधाला हिवर आणि बोर राहू द्या. पहिल्या वर्षी त्या पट्ट्यात एकही जनावर जाता कामा नये, दुसऱ्या वर्षी बी पडून गेल्यावर चारायचं.

रोजगार हमीतून चराचं काम बसतं. त्यासाठी ग्रामसभेत ठराव लागतो आणि पीडीओकडं (पंचायत विकास अधिकाऱ्याकडं) अर्ज. अर्ज एकट्याचा नको. तुझ्या गावातल्या सगळ्या खांडवाल्यांच्या सह्या घे, शेळीवाल्या बायकांच्याही घे, आणि चारणी कोण कधी करणार ते त्याच कागदावर लिहा. काम हिवाळ्यात निघालं तर उन्हाळ्यात गावातल्या चार घरांना रोजगारही मिळतो.

गवताचं बी आमच्या बाजूला कोण कोण झाडून ठेवतं ते मी विचारून ठेवते. मारवेलाचे ठोंब तर माझ्याच बांधावर आहेत. माघात मायाक्काच्या यात्रेला चिंचलीला येशीलच, तेव्हा पोतं घेऊन ये. ठोंब ओल्या गोणपाटात गुंडाळून ने आणि पाऊस लागेपर्यंत विहिरीजवळ वाफ्यात लावून जगव.